बिनअडथळ्याच्या तारेचा रोध

विजेच्या तारेला रोध असतो आणि त्याचे कारण तारेच्या आतच कुठेतरी दडलेले असते, ही समजूत शाळेत ओहमचा नियम शिकल्यापासून मनात पक्की झालेली असते आणि रोजच्या व्यवहारात ती कुठेही खोटी ठरत नाही. तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट होतो, तिची जाडी वाढवली की तो घटतो, आणि तांब्याच्या जागी शेगडीच्या कॉइलचे नायक्रोम घातले की त्याच मापाच्या तारेचा रोध साठपटीच्या आसपास जातो. गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या या हिशेबामागचे चित्र पॉल ड्रूड यांनी १९०० साली रेखाटले. धातूत मोकळे हिंडणारे इलेक्ट्रॉन विद्युतदाबाच्या ओढीने पुढे सरकू पाहतात, वाटेत कशावर तरी आपटून दिशा विसरतात, पुन्हा वेग घेतात, पुन्हा आपटतात, आणि या आपटण्यात गेलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, असे ते चित्र आहे. आपटतात कशावर, याबद्दलची ड्रूड यांची कल्पना पुढे सुधारावी लागली. शिस्तीत मांडलेल्या अणूंची इलेक्ट्रॉनला अडचण होत नाही, अडचण होते ती त्या मांडणीतील दोषांची, परक्या अणूंची आणि अणूंच्या थरथरीची, हे क्वांटम यांत्रिकी आल्यावर कळले.

या चित्रातून एक अनुमान आपोआप निघते. दोष नाहीत, परके अणू नाहीत आणि थंडी इतकी की थरथरही जवळजवळ थांबलेली, अशी तार मिळाली तर इलेक्ट्रॉन या टोकाने शिरून कुठेही न आपटता त्या टोकाने बाहेर पडेल, आणि तारेचा रोध शून्य भरेल. (अतिवाहकांचा रोध शून्य असतो हे खरे, पण तिथे इलेक्ट्रॉन जोड्यांनी वावरतात आणि कारणमीमांसाच निराळी आहे, येथे प्रश्न साध्या, सुट्या इलेक्ट्रॉनांचा आहे.) १९८८ साली अशी तार दोन प्रयोगशाळांनी प्रत्यक्ष मोजली. इलेक्ट्रॉनांना जाण्यापुरती एकच वाट शिल्लक असताना तिचा रोध शून्य तर नव्हताच, तो सुमारे १२,९०६ ओहम भरला. आणि या आकड्याचा तारेच्या लांबीशी, तिच्या पदार्थाशी किंवा ती कोणी बनवली याच्याशी काहीही संबंध नव्हता.

अशा तारेला क्वांटम तार म्हणतात, पण क्वांटम तार म्हणजे नुसती बारीक तार नव्हे. बारीक कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवावे लागते, आणि येथे माप घ्यायचे ते इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या तरंगलांबीचे. इलेक्ट्रॉन कणासारखा मोजता येत असला तरी प्रवास करतो तो तरंगासारखा. शिवाय एका अवस्थेत दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात, तेही परस्परविरुद्ध परिवलनाचे (स्पिनचे), हा पाउली यांचा नियम असल्यामुळे पदार्थातील इलेक्ट्रॉन तळापासून वरपर्यंत एकेक पातळी भरत जातात, रांजणात पाणी भरावे तसे. विद्युतधारेत भाग घेतात ते फक्त या भरलेल्या साठ्याच्या पृष्ठभागाजवळचे इलेक्ट्रॉन, कारण खालच्यांना हलायला मोकळी अवस्थाच नसते. पृष्ठभागाच्या या पातळीला फर्मी पातळी आणि तिथल्या इलेक्ट्रॉनच्या तरंगलांबीला फर्मी तरंगलांबी म्हणतात. तांब्यात ती अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन अणूंमधील अंतराच्या दर्जाची असते. त्यामुळे तांब्याची तार खऱ्या अर्थाने ‘क्वांटम’ करायची तर ती एकदोन अणूंइतकी बारीक करावी लागेल. अर्धवाहकात मोकळ्या इलेक्ट्रॉनांची दाटी खूपच कमी ठेवता येते, म्हणून साठ्याची पातळी खाली राहते आणि तरंगलांबी चाळीसेक नॅनोमीटरपर्यंत वाढते. ऐंशी पटींचा हा फरक नसता, तर ही सगळी विद्याशाखा बहुधा कागदावरच राहिली असती.

तरंगलांबी मोठी असणे ही अर्धी सोय झाली; उरलेली अर्धी म्हणजे स्वच्छता. अर्धवाहकात मोकळे इलेक्ट्रॉन आणण्यासाठी त्यात परके अणू मिसळावे लागतात, गॅलियम आर्सेनाइडमध्ये बहुधा सिलिकॉनचे. या अणूंना दाता अणू म्हणतात, कारण ते एकेक इलेक्ट्रॉन देऊन टाकतात. पण दान दिल्यावर ते बाजूला होत नाहीत. धनप्रभारित होऊन तिथेच वाटेत उभे राहतात आणि स्वतःच दिलेल्या इलेक्ट्रॉनांना अडखळवतात. या पेचातून वाट काढली ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रेमंड डिंगल, होर्स्ट श्ट्योर्मर, आर्थर गोसार्ड आणि विल्यम विगमन यांनी १९७८ साली. गॅलियम आर्सेनाइडवर ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचा थर चढवायचा, आणि दाता अणू फक्त वरच्या थरात, तेही सांध्यापासून थोडे दूर पेरायचे. खालच्या थरात इलेक्ट्रॉनची ऊर्जा कमी असते, म्हणून दान केलेले इलेक्ट्रॉन सांधा ओलांडून खाली उतरतात. दात्यांच्या धनप्रभाराची ओढ त्यांना सांध्याला चिकटवून ठेवते, मात्र दाते स्वतः पलीकडेच राहतात. परिणामी सांध्यालगत, पृष्ठभागाखाली शंभरेक नॅनोमीटरवर, इलेक्ट्रॉनांचा एक अतिशय पातळ पत्रा तयार होतो. त्यात इलेक्ट्रॉन लांबी-रुंदीत मोकळे फिरतात, वरखाली मात्र सरकू शकत नाहीत. त्याला द्विमितीय इलेक्ट्रॉन वायू असे नाव आहे.

हे थर चढवण्याचे काम मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी या तंत्राने होते. अवकाशाशी स्पर्धा करील इतक्या निर्वात पात्रात गॅलियम, आर्सेनिक आणि ॲल्युमिनियम यांच्या वाफेचे झोत एका तापलेल्या चकतीवर सोडले जातात, झोतांपुढची झडप उघडली की अणूंचा एक थर बसायला साधारण एक सेकंद लागतो, आणि एक मायक्रोमीटर जाडी चढायला तासभर. नेमकी हीच जोडी निवडण्याचे कारण असे की या दोन पदार्थांच्या स्फटिकजाळ्यांची मापे जवळजवळ तंतोतंत जुळतात, त्यामुळे सांध्यात ताण किंवा भेगा राहत नाहीत. अशा पत्र्यात, अतिशीत तापमानाला, इलेक्ट्रॉन दहाएक मायक्रोमीटर अंतर न आपटता जातो. घरातल्या तांब्याच्या तारेत हेच अंतर चाळीस नॅनोमीटर असते, म्हणजे अडीचशेपट कमी. बंदुकीच्या गोळीसारख्या या सरळ प्रवासाला बॅलिस्टिक गमन असे नाव पडले आहे.

आता या पत्र्यातून तार काढायची. पत्रा कोरून अरुंद पट्टी उरवावी, हा मार्ग सुचण्यासारखा असला तरी कोरलेल्या कडा खडबडीत राहतात आणि मिळवलेली स्वच्छता कडेलाच वाया जाते. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मायकेल पेपर यांच्या गटाने १९८६ साली वापरलेली युक्ती अधिक नामी होती. चकतीच्या पृष्ठभागावर, पत्र्याच्या वर, धातूचे दोन अतिसूक्ष्म पट्टे समोरासमोर बसवायचे आणि त्यांच्यामध्ये फट ठेवायची; ट्रान्झिस्टरच्या परिभाषेत हे दोन्ही मिळून एक दुभंगलेले गेट. गेटवर ऋण विद्युतदाब दिला की खालच्या पत्र्यातले इलेक्ट्रॉन दूर ढकलले जातात आणि पट्ट्यांखालची जागा ओस पडते. उरते ती मधल्या फटीखालची चिंचोळी वाट. दाब आणखी ऋण केला की ही वाट दोन्ही बाजूंनी आवळत जाते आणि शेवटी बंद होते. म्हणजे येथे तार कोरलेली नाही, दोन्ही बाजूंनी दाबून तयार केलेली आहे, तिच्या भिंती पदार्थाच्या नसून विद्युतक्षेत्राच्या आहेत, आणि एका बटणाने तिची रुंदी हवी तशी बदलता येते. वाट फारच आखूड असली तर तिला क्वांटम बिंदुस्पर्श म्हणण्याचा प्रघात आहे, लांबट असली तर क्वांटम तार. दोन्हींतील मूळ भौतिकी एकच आहे.

चिंचोळ्या वाटेत शिरलेल्या इलेक्ट्रॉनचे काय होते ते समजण्यासाठी सतारीची तार आठवावी. दोन्ही टोकांना बांधलेली तार मनाला येईल तशी कंप पावत नाही. तिच्या लांबीत अर्ध्या तरंगलांब्या पूर्ण संख्येने बसाव्या लागतात, एक, दोन किंवा तीन, पण अडीच कधीच नाही. वाटेच्या रुंदीत इलेक्ट्रॉनच्या तरंगावर हेच बंधन येते. आडव्या दिशेने एक अर्धी लहर बसवून पुढे जाणारे इलेक्ट्रॉन ही एक वाहिका, दोन अर्ध्या लहरी बसवून जाणारे ही दुसरी, अशा वाहिका मोजून असतात. फर्मी तरंगलांबी ४२ नॅनोमीटर असेल तर वाटेची रुंदी दर २१ नॅनोमीटरने वाढली की एक नवी वाहिका उघडते. दोन वाहिकांच्या मध्ये रुंदी कितीही सरकवली तरी वाहिकांची संख्या तीच राहते.

डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठ आणि फिलिप्सची संशोधन प्रयोगशाळा यांतील बार्ट फान वेस, हेंक फान हाउटेन, कार्लो बेनाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखात हेच दिसले. एखाद्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगात किंवा दुर्बिणीच्या निरीक्षणात जसा पुष्कळ आकडेमोडीनंतर निष्कर्ष डोके वर काढतो तसे येथे नव्हते. आलेख उघड्या डोळ्यांनी वाचता येत होता. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एक अंशाहून कमी होते. गेटवरचा दाब उणे ०.६ व्होल्टपासून उणे २.२ व्होल्टपर्यंत नेताना वाट आवळत आवळत बंद झाली, आणि त्या प्रवासात संवाहकता, म्हणजे रोधाचा व्यस्त, सरळ उतारावर न घसरता पायऱ्यापायऱ्यांनी उतरली. वाट ० ते ३६० नॅनोमीटर रुंद होईपर्यंत अशा १६ पायऱ्या मोजता आल्या, म्हणजे वरच्या हिशेबाशी त्या बऱ्यापैकी जुळल्या. पायऱ्या जागच्या जागी बसाव्यात म्हणून बाजूच्या पत्र्याचा ४०० ओहम रोध वजा करावा लागला होता, हेही त्यांनी नमूद केले आहे. त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, केंब्रिजच्या गटानेही हाच परिणाम जाहीर केला. चिंचोळ्या वाटा दोन्हीकडे आधीपासून तयार होत्या, तरी पायऱ्या इतक्या स्वच्छ दिसतील अशी अपेक्षा फारशी कोणी धरली नव्हती.

त्या आलेखाकडे पाहताना सह्याद्रीची आठवण होणे मराठी वाचकाला साहजिक आहे. सपाट पठार, मग उभा कडा, मग पुन्हा पठार, अशी घाटमाथ्यावरच्या डोंगरांची जी ठेवण असते तीच येथे कागदावर उमटलेली दिसते. आणि त्या डोंगरांच्या खडकाला भूवैज्ञानिक ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात त्यातला ट्रॅप हा शब्दही पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. फरक इतकाच की सह्याद्रीच्या कोणत्याही दोन पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि डेल्फ्टच्या आलेखातील सगळ्या होत्या.

उंची सारखी का, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या वाहिकेतील इलेक्ट्रॉन आडव्या हालचालीवर थोडीच ऊर्जा खर्चतो, म्हणून पुढे वेगाने जातो. शेवटी उघडलेल्या वाहिकेतील इलेक्ट्रॉनची बहुतेक ऊर्जा आडव्या लहरींत गुंतलेली असते, म्हणून तो रेंगाळत जातो. तरीही दोघींतून वाहणारी विद्युतधारा अगदी सारखी असते. याचे कारण एकमितीय वाटेच्या एका विशेष गुणात आहे. ऊर्जेच्या एका ठरावीक फटीत किती अवस्था बसतात याची दाटी, अशा वाटेत, वेगाच्या बरोबर व्यस्त प्रमाणात असते. वेग दुप्पट असेल तर इलेक्ट्रॉनांची दाटी निम्मी, वेग निम्मा असेल तर दाटी दुप्पट. विद्युतधारा म्हणजे दाटी आणि वेग यांचा गुणाकार, तेव्हा वेग हिशेबातून निघूनच जातो, आणि त्याच्याबरोबर पदार्थाचे नावगावही निघून जाते. दर व्होल्टमागे किती इलेक्ट्रॉन जातील हे ठरवायला उरतात फक्त दोन राशी, इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि प्लांकचा स्थिरांक. दोन्ही टोकांमध्ये एक मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग, इतका दाब असेल तर एका वाहिकेतून, एका दिशेच्या परिवलनाचे, सेकंदाला २४ कोटी १८ लाख इलेक्ट्रॉन जातात. परिवलने दोन, म्हणून एकूण ४८ कोटी ३६ लाख, आणि त्यांची विद्युतधारा ७७.५ पिकोअँपिअर. प्रभाराच्या वर्गाची दुप्पट भागिले प्लांकचा स्थिरांक, एवढी ही प्रत्येक वाहिकेची संवाहकता. तिचा व्यस्त १२,९०६ ओहम. दोन वाहिका उघडल्या की ६,४५३, सोळा उघडल्या की ८०७.

पदार्थाचे नावगाव खरोखरच निघून जाते याचा एक गमतीदार पुरावा पुढे माद्रिदमध्ये मिळाला. धातूतली तरंगलांबी अर्धा नॅनोमीटर असल्याने तिथे एकदोन अणूंची वाट लागते, हे वर आलेच आहे. पण अशी वाट बनवायला नेहमीच निर्वात पात्र लागत नाही. सोन्याच्या दोन तारा एकमेकींना टेकवून दूर केल्या की तुटण्याआधी क्षणभर त्यांच्यामध्ये काही अणूंचा धागा ताणला जातो, आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी नुसत्या टेबलावर टिचक्या मारून, खोलीच्याच तापमानाला, त्या धाग्याच्या संवाहकतेच्या पायऱ्या पाहिल्या. शेवटची पायरी त्याच उंचीची होती.

हिशेब जुळला, तरी मूळ कोडे सुटले नाही. इलेक्ट्रॉन कुठेही आपटत नसेल तर रोध येतो कुठून, आणि रोध आहे म्हणजे उष्णता निर्माण झाली पाहिजे, ती कुठे होते? याचे उत्तर देणारा विचार प्रयोगाच्या तीस वर्षे आधीच मांडला गेला होता. आयबीएमच्या प्रयोगशाळेतील रॉल्फ लँडाउअर यांनी १९५७ साली विद्युतवहनाकडे पाहण्याची दिशाच उलटी केली. दाब लावल्यावर इलेक्ट्रॉन कसा ढकलला जातो हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला, आणि एका टोकाने आलेला इलेक्ट्रॉनचा तरंग दुसऱ्या टोकाने बाहेर पडण्याची शक्यता किती, एवढेच विचारले. मात्र त्यांच्या मूळ सूत्रानुसार अडथळा शून्य असेल तर संवाहकता अनंत होत होती, आणि १९८० नंतर इतरांनी काढलेल्या सूत्रांत ती मर्यादितच राहत होती. दोन्ही बाजूंचे गणित बिनचूक होते, त्यामुळे वाद चांगलाच रंगला. योसेफ इम्री, मार्कुस ब्युटिकर आणि स्वतः लँडाउअर यांच्या लेखनातून हळूहळू स्पष्ट झाले की दोन पक्ष दोन वेगळ्या गोष्टी मोजत होते. एक पक्ष तारेच्या आतल्या दोन बिंदूंमधला रोध सांगत होता, दुसरा तारेबाहेरच्या दोन साठ्यांमधला.

घाटाखालच्या अरुंद पुलावर सुटीच्या दिवशी जे घडते तेच येथे आहे. पुलावर चढलेली गाडी विनाअडथळा पार जाते, खोळंबा असतो तो पुलाच्या तोंडाशी, कारण मागे आठ पदर आणि पुढे एकच. तारेच्या दोन्ही टोकांना जोडलेल्या रुंद पत्र्यात, म्हणजे या साठ्यांत, हजारो वाहिका असतात, तारेत एक. डाव्या साठ्यातून निघालेले बहुतेक इलेक्ट्रॉन तोंडाशीच परततात. रोध तारेत नसून तिच्या मुखांशी आहे, म्हणून त्याला स्पर्शरोध म्हणतात. उष्णतेचेही तसेच. तार पार करून आलेल्या इलेक्ट्रॉनजवळ उजव्या साठ्याच्या पातळीपेक्षा जास्त ऊर्जा असते आणि डावीकडे तो जिथून निघाला तिथे एक रिकामी जागा पडलेली असते. दोन्हीकडचे हे हिशेब साठ्यांच्या आत, तारेपासून दूर, आपटत आपटत मिटतात आणि तिथे ऊब निर्माण होते. बिल तारेच्या नावाने फाटते, पैसे भरतात साठे.

ही विभागणी कागदोपत्री मान्य होऊन पंधराएक वर्षे झाली तरी तिचा थेट पुरावा नव्हता, कारण तारेच्या आतला दाब मोजायचा तर आत टोचणी लावावी लागते, आणि एकमितीय तारेला टोचणी लावली की तीच अडथळा बनते. बेल प्रयोगशाळेत राफी दे पिचोट्टो, श्ट्योर्मर, लॉरेन फायफर आणि सहकारी यांनी २००१ साली ही अडचण ओलांडली. स्फटिक निर्वातातच तोडून त्याच्या ताज्या कडेवर पुन्हा थर चढवण्याच्या तंत्राने त्यांनी अत्यंत निर्दोष तार तयार केली आणि तिला फारसा धक्का न लागेल अशा हलक्या टोचण्या जोडल्या. बाहेरच्या साठ्यांमधला रोध अपेक्षेप्रमाणे वाहिकेमागे ठरलेल्या मापाचा भरला. आतल्या दोन टोचण्यांमधला रोध शून्य आला. लँडाउअर दोन वर्षांपूर्वीच, १९९९ साली वारले होते.

खरगपूरच्या आयआयटीतून शिकून पर्ड्यू विद्यापीठात अध्यापन करणारे सुप्रियो दत्त यांनी याच विचारावर अभियांत्रिकीचे सगळे अध्यापन उलटे मांडून दाखवले आहे. त्यांच्या मते विद्युतवहन शिकवताना आधी अडथळ्याची तार आणि मग अपवाद म्हणून बिनअडथळ्याची, हा क्रम चुकीचा आहे. सुरुवात स्पर्शरोधापासून करावी, त्याला तारेची लांबी भागिले सरासरी मुक्त अंतर (इलेक्ट्रॉन न आपटता सरासरी जितके जातो ते) या प्रमाणात वाढवत न्यावे, आणि लांबी पुरेशी झाली की ओहमचा नियम आपसूक हाती लागतो. हा क्रम अधिक सरळ आहे यात शंका नाही, आणि पाठ्यपुस्तके अजूनही ड्रूडपासूनच सुरू होतात ती तर्कापेक्षा सवयीमुळे.

१९८८ च्या पठारांचे वर्णन करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० साली सापडलेल्या क्वांटम हॉल परिणामातही अशीच पठारे दिसतात, आणि ती इतकी काटेकोर असतात की ओहम हे एकक जगभर त्यांच्यावरून पडताळले जाते. बिंदुस्पर्शाची पठारे त्या योग्यतेची नाहीत. एखाद्या टक्क्याचा फरक तिथे सहज पडतो, तापमान द्रवरूप हेलियमच्या ४.२ केल्विनपर्यंत चढले तरी त्यांच्या कडा विरघळू लागतात, आणि वाट लांब केली की दूरच्या दात्यांची विषम ओढही तरंगाला मागे परतवू लागते.

वाटेबाहेर पडल्यावर इलेक्ट्रॉन कुठे जातात हे हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट वेस्टरव्हेल्ट यांच्या गटाने २००० आणि २००१ साली चक्क चित्रित केले. चकतीच्या पृष्ठभागावरून ऋणप्रभारित सुईचे टोक फिरवत न्यायचे. टोकाखालच्या जागेतून इलेक्ट्रॉन परत फिरतात, आणि परतलेल्यांपैकी काही थेट वाटेत शिरून मागे गेले की संवाहकता किंचित घटते. ज्या ठिकाणी घट जास्त, तिथून प्रवाह जास्त. वाटेच्या तोंडाशी एका वाहिकेला एक पाकळी, दोन वाहिकांना दोन, अशी नक्षी दिसली आणि तिच्यावर अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने बारीक रेघा उमटलेल्या होत्या. थोडे पुढे गेल्यावर मात्र प्रवाह पंख्यासारखा पसरण्याऐवजी झाडाच्या फांद्यांसारखा फुटत गेला. दात्यांमुळे पडलेल्या हलक्या चढउतारांनी त्याला जागोजागी गोळा केले होते.

आतापर्यंतच्या हिशेबात प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा धरला आहे, जणू शेजाऱ्याचा ऋणप्रभार त्याला जाणवतच नाही. ही सोय कुठे तोकडी पडते ते केंब्रिजच्याच गटाने १९९६ साली दाखवले. के. जे. थॉमस, पेपर आणि सहकाऱ्यांनी पहिल्या पठाराच्या खाली, त्याच्या सुमारे ०.७ पट उंचीवर, एक लहानसा खांदा असल्याकडे लक्ष वेधले. तो आधीच्या आलेखांतही होता, पण दोष म्हणून सोडून दिला जात असे. तापमान वाढवले की बाकीची पठारे विरतात, हा खांदा मात्र ठळक होतो. तीव्र चुंबकीय क्षेत्रात तो सरकत ०.५ वर जातो, म्हणजे एकाच परिवलनाचे इलेक्ट्रॉन जाऊ लागल्यावर जी उंची यावी तिथे. त्यामुळे परिवलनाशी त्याचे नाते आहे हे उघड आहे; नाते कोणते, यावर एकमत झालेले नाही. परिवलने आपणहून एका दिशेला वळतात, वाटेत एक इलेक्ट्रॉन अडकून राहतो, वाहिका उघडण्याच्या उंबरठ्यावर मंदावलेल्या इलेक्ट्रॉनांची परस्परांशी झटापट वाढते, असे अनेक खुलासे पुढे आले, आणि २०१३ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांनी दोन भिन्न उत्तरे मांडली.

लांब तारेत शेजाऱ्यांची दखल टाळताच येत नाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत जसे कोणाला कोणाला ओलांडता येत नाही, आणि मागून बसलेला धक्का माणसामाणसांतून पुढे जातो, तसे एकमितीय तारेत एकट्या इलेक्ट्रॉनची हालचाल अशी काही उरत नाही; हलते ती सगळी रांग. शिनइचिरो तोमोनागा यांनी १९५० साली आणि जोआकिन लटिंजर यांनी १९६३ साली या रांगेचे गणित मांडले. त्यातून निघालेला सगळ्यांत चमत्कारिक निष्कर्ष असा की प्रभाराची लहर आणि परिवलनाची लहर वेगवेगळ्या वेगांनी जातात; बारीत धक्का एका गतीने सरकतो आणि कानोकानी गेलेली बातमी दुसऱ्या, तसे. केंब्रिज आणि बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी २००९ साली तारांच्या रांगेतून शेजारच्या पत्र्यात इलेक्ट्रॉन उतरवून हे दोन वेग अलग मोजले. गंमत अशी की रांगेतल्या या गुंतागुंतीनेही पायरीची उंची, तत्त्वतः, बदलत नाही, कारण ती उंची मुळात तारेच्या आत ठरतच नाही.

उपयोगाचा प्रश्न विचारला जातोच, आणि त्याचे उत्तर पठारांत नाही, दोन पठारांमधल्या चढावर आहे. पठारावर गेटचा दाब थोडा हलला तरी संवाहकता ढिम्म राहते. चढावर मात्र आसपासच्या प्रभारात झालेला क्षुल्लक फरकही तिला खाली-वर करतो. केंब्रिजमध्ये १९९३ साली बिंदुस्पर्श अशा चढावर आणून ठेवला आणि त्याच्या शेजारी इलेक्ट्रॉनांची एक सूक्ष्म डबी, म्हणजे क्वांटम बिंदू, तयार केली गेली. डबीत एक इलेक्ट्रॉन वाढला किंवा कमी झाला की त्याला हातही न लावता शेजारच्या वाटेतील धारा उडी घेऊ लागली. डेल्फ्टमध्ये २००४ साली याच जोडणीने एकट्या इलेक्ट्रॉनचे परिवलन एका झटक्यात वाचले गेले. डबीची पातळी अशी लावलेली असते की परिवलन एका दिशेला असेल तर इलेक्ट्रॉन बाहेर निसटतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो, उलट्या दिशेला असेल तर तो आतच राहतो. पडद्यावर मग, मिलिसेकंदाच्या एका अंशापुरती, धारेची रेघ एक पायरी वर चढते आणि परत खाली येते, किंवा सपाटच राहते.